पहिला हुकूम कुणाचा

आमच्या कॉलेजातले कॉम्प्युटरचे सर कुणाच्याही हातचा चहा प्यायचे, पण पाणी कुणाच्याही हातचं प्यायचे नाहीत. चहा उकळलेला असतो, असं त्यांचं म्हणणं. पाणी ते घरून फिरकीच्या तांब्यात आणायचे. तो तांब्या वर्गात टेबलावर, स्टाफरूममध्ये मांडीवर आणि मीटिंगमध्ये दोन पायांच्या मध्ये असायचा. मी निलंग्याहून उदगीरला मराठी शिकवायला आले ते वर्ष दुष्काळाचं होतं. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, आमच्या कॉलेजच्या टाकीला कुलूप होतं आणि त्याची किल्ली शिपाईमामांच्या करदोट्याला होती. त्यामुळे पाणी जपणारा माणूस मला सुरुवातीला मुळीच विचित्र वाटला नाही. नंतर कळलं, की सर भर पावसाळ्यातही तो तांब्या घेऊनच यायचे.

मुलं त्यांना पाठीमागे 'बूट सर' म्हणायची. सर स्वतः बारा महिने चपला घालायचे. पण वर्गात पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "बूट झालं का?" मला आधी वाटलं, चपला-बुटांचं काही असेल. मग एकदा मीच विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, मशीन चालू केल्याकेल्या ते काहीच नसतं. नुसतं लोखंड. मग कुणीतरी त्याला पहिला हुकूम देतं, की ऊठ, हे कर, ते कर. त्या पहिल्या हुकमाला बूट होणं म्हणतात. माणूस असो की मशीन, उठल्याबरोबर पहिला हुकूम कुणाचा ऐकतं, ते बघून ठेवावं. बाकी सगळं त्यात आलं."

हे वाक्य ते कुठंही वापरायचे. नवीन प्राचार्य आले तेव्हा सगळ्यांनी हार घातले. सर मागच्या बाकावर बसून माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "हे पहिला हुकूम कुणाचा ऐकतेत, बघून ठेवा." उदगीर जिल्हा होणार, अशी तेव्हा मोठी हवा होती. चहाच्या टपरीवर, सलूनमध्ये, एसटी स्टँडवर तोच विषय. कलेक्टर कचेरी कुठं होणार, याच्यावर लोक प्लॉट घेऊन राहिले होते आणि प्रत्येकाला वाटत होतं, की बाजूच्याला जागा आधीच कळलेली आहे. सरांना विचारलं तर ते म्हणायचे, "तुम्हाला कुणी सांगितलं जिल्हा व्हणार म्हणून? आन् त्याला कुणी सांगितलं?" असं विचारत विचारत ते माणसाला इतक्या मागं न्यायचे, की शेवटी ती बातमी आपणच उठवली की काय, असं त्याला वाटायला लागायचं.

मूळचे ते हिमायतनगरकडचे. वय चाळिशीच्या आसपास, अंगानं वाळके, चष्म्याच्या एका काडीला पांढरा दोरा. लॅबमधल्या प्रत्येक कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यावर त्यांनी बायकोच्या पाकिटातल्या टिकल्या चिकटवल्या होत्या. लाल, मरून, एक-दोन खड्यांच्या. लॅबमध्ये शिरलं की हळदीकुंकवाला आल्यासारखं वाटायचं. कागदावर सही करायची तर आधी पूर्ण कागद वाचायचे, मग तोच पुन्हा खालून वर वाचायचे. पगारपत्रकावर सही करायला त्यांना इतका वेळ लागायचा, की क्लार्क त्यांना सगळ्यात शेवटी बोलवायचा.

त्यांची लॅब मात्र मरायला टेकली होती. कॉम्प्युटर जुने, त्यातले निम्मे बंद. बारावीच्या प्रॅक्टिकलच्या आधी तपासणीला कमिटी येणार होती आणि चालू मशीन पुरेशा नसतील तर विषयच बंद होणार, असं प्राचार्यांनी सांगून ठेवलं होतं. विषय बंद म्हणजे सरांची जागा गेली. त्याहून वाईट म्हणजे मुलींचं. आमच्या वर्गात आसपासच्या खेड्यांतल्या मुली जास्त. त्यांना हा विषय घ्यायचा तर लातूरला जावं लागलं असतं, आणि लातूरच्या होस्टेलांनी त्या वर्षी पाणी नाही म्हणून पोरं घरी पाठवली होती. कुठलाही बाप अशात पोरीला लातूरला ठेवणार नव्हता.

अशा वेळी संस्थेच्या अध्यक्षांनी लॅबभर मशीन आणून टाकल्या. अध्यक्षांना सगळे अप्पा म्हणायचे. आडतीचा पिढीजात धंदा, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, बोलणं तोलून. पाण्यामुळे लातूरचा एक मोठा खासगी क्लास बंद पडला होता. त्याचा मालक अप्पांच्या ओळखीचा. त्यानं आपल्या सगळ्या मशीन कॉलेजला फुकट देऊन टाकल्या. मॉनिटरच्या पाठीला चिकटलेली, जेवणाच्या डब्याएवढी काळी पेटी, एवढंच ते यंत्र. दिसायला देखणं. अप्पांनी नारळ फोडला, पेढे वाटले.

सरांनी पेढा कागदात बांधून ठेवला. मला म्हणाले, "आत्ता कुणी घागरभर पाणी फुकट देत न्हाई, मॅडम. हा मशीन देऊन राहिला. का?"

मशीन चालू केल्या तेव्हा त्यांचा संशय दुणावला. बटण दाबलं की पडद्यावर त्या क्लासचं चिन्ह यायचं, खाली एक गोल फिरायचा आणि मग 'मुख्य सर्व्हर सापडत नाही' असं लिहून यायचं. बस. पुढं काही नाही. सरांनी मला समजावून सांगितलं ते असं, की या मशीनना स्वतःचं डोकं नाही. लातूरच्या मोठ्या मशीनला विचारून त्या उठायच्या. ते मोठं मशीनच आता बंद पडलं. "मालक मेला तरी चाकर दारात उभाच हाय, हुकमाची वाट बघत," सर म्हणाले.

त्यांनी ठरवलं, की या मशीनवर लिनक्स टाकायचं. ही कुणाच्याही मालकीची नसलेली प्रणाली, फुकट, आतलं सगळं उघडं, कुणीही वाचून बघावं अशी. सरांना जगात एवढ्या एकाच गोष्टीबद्दल बरं बोलताना मी ऐकलं. पेन ड्राइव्हवर ती घेऊन ते लावून बसले. पण मशीन पेन ड्राइव्हकडे ढुंकून बघेना. लावला काय न् काढला काय, तेच चिन्ह, तोच गोल.

महिनाभर हेच चाललं. सर एकेक पेटी उघडायचे, बंद करायचे. लॅबचं दार आतून लावून घ्यायला लागले. एक दिवस शिपाईमामांनी त्यांना टॉवेलात काहीतरी गुंडाळून पिशवीत घालताना पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत कॉलेजभर झालं, की सर पेट्यांतला माल काढून नांदेडच्या बाजारात विकून राहिलेत. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, तुमचं त्यांच्याशी बोलणं असतं. जरा लक्ष ठेवा," ते म्हणाले.

मला हे काही जमणारं नव्हतं. मी तशीच लॅबवर गेले, दार वाजवलं आणि सरांना सांगून टाकलं, की मला तुमच्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय.

"मला माहीत हाय," सर म्हणाले. "आन् मामाला तुमच्यावर ठेवायला सांगितलंय. ते बघा."

मी मागं पाहिलं. व्हरांड्याच्या टोकाला मामा कुंडीतल्या वाळलेल्या रोपाला अगदी निरखून बघत उभे होते.

"टॉवेलात काय नेलं होतं, सर?" मी विचारलं.

"मशीन. घरी नेलं. इथं समदे बघून राहिलेत, मला सुधरत न्हाई." मग म्हणाले, "तुम्हाला काय वाटलं?"

"मलाही शंका आली होती," मी खरं ते सांगितलं.

त्यांनी मान हलवली. राग आलेला दिसला नाही. उलट त्या दिवसापासून ते माझ्याशी जरा मोकळे बोलायला लागले. माझी शंका तोंडावर आली, म्हणजे तेवढी एक कमी झाली, असा त्यांचा हिशेब असावा.

अडचण कुठं होती ते त्यांना इंटरनेटवर कळलं. तिथं जगभरातले लोक एकमेकांना प्रश्न विचारतात. सरांनी आपलं नाव-गाव न सांगता प्रश्न टाकला आणि कुठल्यातरी लांबच्या देशातल्या एका माणसानं उत्तर दिलं. या मशीनचा मेंदू मोठा, पण दाराशी बसवलेला राखणदार जुन्या वळणाचा. त्याला फक्त जुनी, छोटी भाषा कळते. तुम्ही नव्या भाषेत चिठ्ठी देता, त्याला ती वाचता येत नाही, म्हणून तो तुम्हाला आत सोडत नाही. त्याच्या भाषेतली एक छोटी फाईल पेन ड्राइव्हमध्ये ठेवा, तो दार उघडेल. आणि त्या माणसानं ती फाईल सोबत पाठवूनही दिली होती.

"मग टाकली का?" मी विचारलं.

"वेड लागलं का मला? ह्याला मी ओळखत न्हाई, पाळखत न्हाई. पहिला हुकूम देणारी फाईल हाय ती. तीच परक्याच्या हातची घेऊ?"

"पण त्याला तुमचं वाईट करून काय मिळणार?"

"चांगलं करून काय मिळणार हाय?"

 कमिटी पंधरवड्यावर आली होती. प्राचार्य रोज विचारत होते, मुली रोज दारात येऊन परत जात होत्या, आणि सरांच्या हातात तयार फाईल होती. पण ते ती वापरेनात. फाईल ज्यातून बनते ते मूळ लिखाण इंटरनेटवरून उतरवून घेऊन ते तीच फाईल आपल्या हातानं तयार करायला बसले. एक जमलं की दुसरं अडायचं. त्यात दिवसातून दोनदा लाईट जायची. सरांच्या डोळ्यांखाली काळं आलं. चष्म्याचा दोरा सुटून लोंबायला लागला, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते स्टाफरूमच्या दारात आले आणि मला म्हणाले, "चला. साक्षीदार पायजे."

"मीच का?"

"तुम्हाला यातलं काही कळत न्हाई म्हणून."

लॅबमध्ये त्यांनी पेन ड्राइव्ह लावला, बटण दाबलं. पडदा काळा झाला. चिन्ह आलं नाही. काळ्यावर पांढऱ्या ओळी सरसर वर जायला लागल्या, मुंग्या वारुळातून निघाव्यात तशा, आणि मग एकदम निळा, स्वच्छ पडदा उघडला. मला खरंच भरून आलं. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात सरांनी वायर ओढून मशीन बंद केलं.

"अहो सर, झालं होतं ना?"

"एकदा झालं म्हणजे योगायोग असतो."

पुन्हा लावलं. पुन्हा निळा पडदा. पुन्हा बंद केलं. तिसऱ्यांदा चालू झालं तेव्हा ते खुर्चीत मागं टेकले, त्यांनी तांब्याची फिरकी काढली आणि शांतपणे पाणी प्यायले.

त्यानंतर त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. परक्यानं पाठवलेली फाईल आणि आपण बनवलेली फाईल शेजारी शेजारी ठेवून ती अक्षर अक्षर जुळवून पाहिली. दोन्ही एकच निघाल्या. तसूभर फरक नाही. मला वाटलं, सर खूष होतील. पण ते बराच वेळ पडद्याकडे बघत बसले, हिशेब चुकलेल्या माणसासारखे. मग त्यांनी त्या माणसाला लिहिलं, 'मी तुमची फाईल वापरली नाही. पण ती बरोबर होती.' दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं. ते सरांनी मला मराठीत करून सांगितलं, "बरं केलंत. तुमच्या जागी मी असतो तर मीही वापरली नसती."

"चांगला माणूस दिसतो," मी म्हणाले.

"असंल," सर म्हणाले.

सगळ्या मशीनवर नवी प्रणाली चढवून झाली. पण सरांनी यातलं एक अक्षर कुणाला सांगितलं नव्हतं. प्राचार्यांना नाही, अप्पांना तर नाहीच. वर प्रत्येक मशीनला एक लांबलचक पासवर्ड लावून ठेवला. मग जे व्हायचं तेच झालं.

कमिटीच्या आदल्या दिवशी अप्पा लॅब बघायला आले. सोबत त्यांचा पुतण्या होता. त्याचं लातूरला कॉम्प्युटर विकण्याचं दुकान. त्यानं एक मशीन चालू केलं, पासवर्डाच्या चौकटीकडे पाहिलं, दुसरं चालू केलं, आणि अप्पांना म्हणाला, "काका, क्लासची ओरिजिनल सिस्टीम पुसून टाकली यांनी. केवढी भारी होती. हे आता काही कामाचं राहिलं नाही."

अप्पांनी सरांकडे पाहिलं. "खरं हाय का?"

"पुसली," सर म्हणाले.

"कुणाला विचारून?"

सर चष्म्याचा सुटलेला दोरा बांधायला लागले. जुनी सिस्टीम तशीही मेलेली होती, तिचं मोठं मशीन बंद पडलं होतं, हे एवढं सांगायला हवं होतं. मला राहवलं नाही, मी ते सांगायला लागले, तर पुतण्या म्हणाला, "मॅडम, तुम्ही मराठीच्या ना?" 

"पासवर्ड सांगा, आम्ही बघतो काय ते," पुतण्या म्हणाला.

"न्हाई," सर म्हणाले.

तोवर प्राचार्य आले, स्टाफ गोळा झाला, दाराबाहेर बारावीच्या मुली येऊन उभ्या राहिल्या. शिपाईमामांनी टॉवेलाची गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली. प्राचार्य म्हणाले, संस्थेची मालमत्ता अडवून धरणं हा गुन्हा होतो, पोलिसांत द्यावं लागेल. अप्पांचा चेहरा भस्मासारखा झाला होता.

मी सरांना खिडकीशी नेलं. "सर, सांगून टाका ना. अडवून काय मिळणार?"

"सांगितला की हा जुनं परत घालणार. मशीन बाद ठरवणार. आन् काकाला नव्या विकणार. तुम्हाला दिसत न्हाई?"

दिसत होतं. निदान तसं असू शकतं, एवढं मलाही वाटत होतं. "मग प्राचार्यांना एकट्यांना सांगा."

"ते अप्पांना सांगतील. अप्पा पुतण्याला."

"मग मला सांगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोऱ्यानं बांधलेल्या चष्म्यातून त्यांचे डोळे मला पहिल्यांदाच थकलेले दिसले. "तुम्हाला सांगितला न् उद्या मशीन बिघडली," ते म्हणाले, "तर मी तुमच्यावर शक घेईन. मला माझा स्वभाव माहीत हाय. तेवढं नको, मॅडम."

 बाहेर मुली कुजबुजत होत्या. त्यांच्यातली एक रडवेली झाली होती.

सर एकदम वळले. फळ्याकडे गेले. फळ्यावर कुणीतरी काढलेली आकृती होती, ती त्यांनी बाहीनंच पुसली. खडू घेतला आणि मोठ्या अक्षरांत, वर्गाच्या शेवटच्या बाकावरून दिसेल अशा अक्षरांत, तो पासवर्ड फळ्यावर लिहिला. लहान अक्षरं, मोठी अक्षरं, मधे आकडे, मधे खुणा. लिहून झाल्यावर सवयीनं तो उलटा वाचून तपासला. मग दाराकडे बघून म्हणाले, "पोरींनो, आत या. आपापल्या मशीनवर बसा. प्रॅक्टिकल करा."

मुली एकमेकींकडे बघत आत आल्या. फळ्याकडे बघून एकेक अक्षर दाबायला लागल्या. एक पडदा निळा झाला, मग दुसरा, मग खोलीभर. त्यांनी आपापले प्रोग्राम लिहायला घेतले. चुकलं की शेजारणीला विचारत होत्या. कुणाचा चालला की हळूच हसत होत्या.

"हे काय केलंत तुम्ही?" प्राचार्य म्हणाले. "पासवर्ड कुणी फळ्यावर लिहितं का?"

"एकाला सांगितला असता तर त्याच्यावर नजर ठेवावी लागली असती," सर म्हणाले. "आता समद्यांना माहीत हाय. आता कुणी काही केलं तर समद्यांच्या देखत करील."

पुतण्या अप्पांच्या कानाशी लागायला गेला. अप्पांनी त्याला हातानं थांबवलं. ते एका मुलीच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले. तिनं गावातल्या टँकरच्या पाळीचा प्रोग्राम केला होता. घर टाकलं की कधी नंबर लागणार ते पडद्यावर यायचं. अप्पांनी ते दोन वेळा करून दाखवायला लावलं.

मग ते म्हणाले, "आमच्या आडतीत आधी रुमालाखाली बोटं धरून सौदा व्हायचा. कुणी काय भाव दिला ते कुणालाच दिसायचं न्हाई. रोज भांडणं. मग उघडी बोली सुरू झाली. शिव्या तेवढ्याच होतेत, पण भांडणं कमी झाली." पुतण्याकडे न बघता म्हणाले, "चल. दुकान उघडं टाकून आलास."

दुसऱ्या दिवशी कमिटी आली, बघून गेली, विषय राहिला. सरांना लेखी खुलासा द्यावा लागला, तो त्यांनी दिला. पासवर्ड ते दर सोमवारी बदलायचे आणि दर सोमवारी नवा फळ्यावर लिहायचे. प्राचार्यांनी एकदा विचारलं, की सगळ्यांना सांगायचाच तर बदलता कशाला? सर म्हणाले, आठवडाभरात तो बाहेर जातो. बाहेरच्यांवर त्यांचा विश्वास नव्हताच, कॉलेजातल्यांवर बसला होता असंही नाही. पण लॅबचं दार मात्र नंतर त्यांनी आतून लावलं नाही.

उदगीर काही जिल्हा झाला नाही. प्लॉट घेतलेली माणसं एकमेकांना 'तुला कुणी सांगितलं होतं' म्हणून विचारत राहिली. पुढच्या काही वर्षांत सरांना हदगावच्या कॉलेजात जागा मिळाली, त्यांच्या घराजवळ. निरोप समारंभ त्यांनी घेऊ दिला नाही. मी एसटी स्टँडवर गेले. नांदेडची गाडी लागली होती. सर खिडकीशी बसले होते, मांडीवर पिशवी घट्ट धरून. मी काहीबाही बोलत राहिले, तब्येतीला जपा, पोरीचं शिक्षण, असलं. कंडक्टरनं घंटी दिली.

"मॅडम," सर खिडकीतून म्हणाले, "मी कॉलेजात समद्यांवर शक घेतला."

"माहीत आहे, सर."

"तुमच्यावर पण घेतला." गाडी हलली. त्यांनी गजाला धरून मान जरा बाहेर काढली. "पण कमी."